सालीचा काढा आणि दुसरा निकाल

बाबा, मी फ्रँकफर्टजवळच्या एका प्रयोगशाळेत जुलाबावरच्या औषधाचं काम करते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. कॅमेरूनमध्ये एका झाडाची साल उकळून मुलांना पाजतात. माझ्याबरोबर पीएचडी करणारा तिथलाच एकजण ती गावाहून घेऊन आला. आतड्याच्या पेशींचा पातळ थर वाढवायचा, जुलाबात होतं तसं त्यातून पाणी झिरपायला लावायचं आणि मग काढा घालून बघायचं, हे माझं काम. उन्हाळ्यात एकदा झिरपणं खरंच थांबलं. प्रोफेसरबाईंनी सगळ्यांना केक दिला.

मला मात्र तुमचा चिपळूणचा दवाखाना आठवत होता. मी शाळेतून आलेय, बाकावर एक बाई तान्हं बाळ घेऊन बसलीय. "बाबा, हिच्या बाळाचे जुलाब थांबले," मी आनंदाने सांगते. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापता. "थांबले म्हणजे बरं झालं, असं कुणी सांगितलं तुला? पोट फुगलंय का? लघवी झाली का? ते विचार आधी." केवढा राग आला होता मला तुमचा.

त्यामुळेच असेल, मी तो काढा यकृताच्या पेशींवरही घालून पाहिला. जरा जास्त मात्रा झाली की त्या मरत होत्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रोफेसरबाई शांतपणे म्हणाल्या, "हे बघ, रिसर्च पेपरमध्ये आधी पहिला निकाल जाऊ दे. दुसऱ्याचं नंतर बघू." माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. ते वाढलं तरच व्हिसा वाढणार, आणि वाढवणं बाईंच्या हातात. आमच्या ह्यांनी माझ्यासाठी पुण्यातली नोकरी सोडलेली. लेक मराठीत विचारलेल्याचं उत्तर जर्मनमध्ये देते, तिला आता तिकडे कुठे रुजवू? आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडत नाहीत. कितीतरी आठवडे मी काचेपाशी उभी राहून बाहेरची झाडं हलताना बघत होते आणि कुणाशीच बोलत नव्हते.

शेवटी कॅन्टीनमध्ये त्या सहकाऱ्याला सांगितलं. वाटलं, चिडेल. त्याने ताट बाजूला सारलं. "आईने मला हेच पाजलं, मी जगलो. धाकट्या भावालाही पाजलं. त्याचे जुलाब थांबले आणि मग तो गेला. आजाराने की सालीने, आम्हाला कधी कळलंच नाही." मग म्हणाला, "दोन्ही लिही."

पुढच्या मीटिंगमध्ये मी दोन्ही निकाल मांडले. बाई रागावल्या नाहीत. "अगदी बरोबर आहे तुझं. पण मग हे आणखी वर्षभराचं काम झालं, आणि तेवढ्यासाठी तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायला माझ्याकडे पैसे नाहीत." त्या सहकाऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट अजून बाकी आहे, काम आता तो पुढे नेतोय. मी दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज करत बसलेय, आणि व्हिसाच्या ऑफिसातून काही आलंय का म्हणून दिवसातून दोनदा खाली जाऊन पत्रपेटी उघडते. ह्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही, त्याचंच जास्त ओझं होतं.

एक मात्र खरं सांगते, बाबा. तुमची शिकवण आठवून मी बोलले, असं समजू नका. ती तर मला रोज आठवत होती, आणि तरी मी गप्प होते. त्याने भावाचं सांगितलं नसतं, तर गप्पच राहिले असते.