आतून उघडणारं दार

ता. ९ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पेपरात वाचलंच असशील. मी धडधाकट आहे, अंगावर एक ओरखडा नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते आहे.

गेल्या रविवारी दुपारी पिक्चरच्या पन्नासाव्या दिवसाचा खेळ होता. निर्मात्यांनी मला तोंड दाखवायला नेलं होतं. मी स्टेजवर उभी असताना बाजूचा एक दिवा फटाक्यासारखा फुटला आणि कुणीतरी आग आग म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. मला दोघांनी उचलून स्टेजच्या दारातून मोटारीत नेऊन बसवलं. लोक मात्र मागच्या दोन दारांकडे धावले. त्या दारांना बाहेरून साखळी घालून कुलूप ठोकलं होतं. बिनतिकिटाचं कुणी आत घुसू नये म्हणून असं करतात म्हणे. दोन माणसं दारातच दगावली.

सहा वर्षं माझे केस करणारी बाई तुला आठवते ना, ती तुझ्या हातचा चहा पिऊन नावं ठेवून गेलेली? लोकांत बसून पिक्चर बघायचा म्हणून ती मागे जाऊन बसली होती. तिचा उजवा हात दाराच्या फटीत चेंगरला. तो आता खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. पेपरवाल्यांनी मेलेल्यांवर चार ओळी लिहिल्या आणि माझ्या निळ्या झग्यावर एक अख्खा रकाना.

सोबत एक चित्र पाठवते आहे. दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा. अंगानं ढकलला तरी तो दाबला जाईल आणि वरच्या-खालच्या दोन्ही खिट्ट्या ओढून घेईल. बाहेरून धरायला काहीच नाही, म्हणजे फुकट्यांची चिंता नको. तू कुलपांत जन्म काढलास. चुका शोध, आणि माझी गय करू नकोस.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी भाची,
खुडबुडी

ता. १७ जानेवारी

चि. खुडबुडी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू धडधाकट आहेस हे पहिल्याच ओळीत लिहिलंस, ते बरं केलंस. आता लाजबीज पुरे.

तुझा दांडा मी दोन दिवसांत घडवला आणि कारखान्याच्या मागच्या दाराला बसवला. करंगळीनं ढकलला तरी दार उघडतं. मी खूश झाले, आणि मग म्हटलं, थिएटरात करंगळीनं कोण ढकलणार आहे? शेजारच्या सुताराला त्याच्या पाच माणसांसकट बोलावलं आणि सगळ्यांना दाराला पाठ लावून रेटायला सांगितलं. बाई गं, मी दांड्यावर लोंबकळले तरी दार ढिम्म. इतका भार आला की खिट्टीचं टोक चौकटीच्या भोकात आवळून बसतं. गर्दी जितकी जास्त, तितकं दार घट्ट. म्हणजे तू दुसरं कुलूपच केलं आहेस. सुतार आणि मंडळी अजून हसताहेत.

पुन्हा बस. साबणाच्या जाहिरातीतल्या त्या हातांना जरा काम दे.

केस करणाऱ्या बाईला कुणी नसेल तर इकडे पाठव. माझ्या चहाला नावं ठेवायला तोंड तर शाबूत आहे ना तिचं?

माया आहेच, ती आणखी वेगळी काय लिहायची.
तुझी आत्या

ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

सुताराला म्हणावं, आता हस!

परवा शूटिंगला मी बागेत पळते आणि कॅमेरा माझ्यामागून येतो, असं दृश्य होतं. तो कॅमेरा, त्याच्यावर बसलेला कॅमेरामन आणि दोन मदतनीस, एवढं सगळं धूड एक म्हातारा माणूस एका हातानं ढकलत होता. मी पळायची थांबले. दिग्दर्शक ओरडले. मी गाडीखाली वाकून बघितलं, तर चाकांत बारीक गोळ्यांची बेअरिंग. म्हणजे खिट्टीचं टोक घासत जाताच कामा नये, ते गडगडत गेलं पाहिजे! खिट्टीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं चाक बसवलं आणि भोकाची बाहेरची कड उतरती घासली. स्टुडिओतल्या रंगीत महालाचे दरवाजे नकली, पण चौकट भक्कम आहे. तिथे बारा जणांना रेटायला लावलं आणि केस करणाऱ्या बाईनं डाव्या हातानं दांडा दाबला. बारा जण महालाबाहेर एकमेकांवर पालथे पडले. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा हसली. तुझ्याकडे येणार नाही म्हणते, चहाच्या भीतीनं.

घासकाम करताना माझी दोन नखं तुटली आणि निर्मात्यांना सगळं कळलं. त्यांनी मला बसवून समजावलं की प्रेक्षकांना स्वप्न बघायचं असतं आणि स्वप्नाच्या नखात काजळी नसते. मी म्हटलं, प्रेक्षक जिवंत राहिले तर स्वप्नं बघतील. त्यांना ते आवडलं नाही. पेटंटचा अर्ज मात्र मी त्याच संध्याकाळी टपालात टाकला.

लोभ वाढता ठेव, मी तो वाया घालवत नाही.
तुझी,
खुडबुडी

ता. २० मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

अर्ज परत आला. कागदावर शिक्का, आणि शिक्क्याखाली एक ओळ: ज्याने प्रत्यक्ष शोध लावला त्या इसमाची सही घेऊन अर्ज पुन्हा सादर करावा. मी स्वतः कचेरीत गेले. कारकून आदरानं उठून उभे राहिले, खुर्ची पुसून दिली, बायकोसाठी माझी सही मागितली, आणि मग म्हणाले की जाहिरातीची कल्पना छान आहे, पण कचेरीला गंमत चालत नाही. माझी सही त्यांना बायकोसाठी चालते, अर्जावर चालत नाही!

आत्या, मी थकले. तुझं नाव घालू या का? तीस वर्षं कुलपं घडवणारी म्हटल्यावर तुला कोण हटकणार? मला नावाची काय कमतरता, ते भिंतीभिंतीवर लागलं आहे. दारं उघडली म्हणजे झालं. अर्ज सोबत जोडला आहे, फक्त सही कर.

तुझी,
खुडबुडी

ता. २५ मार्च

चि. खुडबुडी हिस,
आशीर्वाद.

अर्ज परत पाठवते आहे. सही केलेली नाही आणि करणार नाही.

तुझ्या दांड्यात माझं काय आहे? मी चूक दाखवली. चूक सुतारालाही दिसली. ते चाक तुला सुचलं, गाडीखाली वाकलेली तू. मी तीस वर्षं या बाकावर बसते आहे, मला सुचलं नाही. मी सही केली तर उद्या तो कारकून म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं? त्याला खरं ठरवायला मी माझी सही देऊ?

नऊ वर्षांची असताना तू माझं तिजोरीचं कुलूप उघडलंस, आणि तुझ्या बापानं ते मीच विसरून उघडं टाकलं असं ठरवलं. तेव्हा मी गप्प बसले, कारण त्या दिवशी घरात पाहुणे होते. ते मला अजून टोचतं. आता पाहुणे नाहीत.

कचेरीत परत जा. चेहरा पुसून जाऊ नकोस, साधे कपडे घालून गरीब होऊ नकोस. जशी आहेस तशी जा. हवा तेवढा रंग लाव.

तुझी,
आत्या

ता. १९ एप्रिल

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुला शिव्या दिल्या, मग रंग लावला.

शूटिंगवरून तशीच गेले. राणीचा पोशाख, खोटे हिरे, पापण्या. कारकुनाला ओलांडून थेट तपासनिसांच्या खोलीत. मागून हातगाडीवर दार, चौकटीसकट. तपासनीस म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पिक्चर बघितलेलेच नसावेत, कारण मी कोण हे विचारलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी दांडा सुटा करून टेबलावर मांडला आणि ते एकेक तुकडा उचलून, हा इथे का, दुसरीकडे का नाही, असं विचारत गेले. तासभर. शेवटी सगळी कचेरी दाराला रेटायला लावली, तो कारकून सर्वांत पुढे. दार उघडलं तेव्हा तो माझ्या पायाशी येऊन पडला. तपासनिसांनी कागद ओढला आणि धंद्याच्या रकान्यापाशी थांबून मला विचारलं, काय लिहू. मी म्हटलं, नटी. त्यांनी मान न हलवता नटी लिहिलं आणि खाली सही केली.

पेटंट मिळालं, आत्या. दारं मात्र तशीच आहेत. सात थिएटर मालकांना भेटले. आतला माणूस दार उघडून दहा दोस्त फुकट घेईल म्हणतात. मी दांड्याला घंटा जोडून दिली, दार उघडलं की वाजते. तरी नको. कायदा कुठे सांगतो, असं विचारतात. निर्माते म्हणाले, सात जूनला सर्वांत मोठ्या थिएटरात आपला नवा पिक्चर लागतोय, तिथे फक्त गोड हसायचं. मी गोड हसून हो म्हटलं.

लोभ असू दे, सात तारखेला तो लागेल.
तुझी,
खुडबुडी

ता. ९ जून

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पेपरातलं खरं मानू नकोस, मला वेडाचा झटका वगैरे आलेला नाही.

सात तारखेला संध्याकाळी पाच वाजता थिएटरसमोर मोटारीतून उतरले. रस्ता माणसांनी भरलेला. पायऱ्यांवर माझ्या भाषणासाठी माइक ठेवला होता. मालक हार घेऊन पुढे आले. मी माइकवरून त्यांना नम्रपणे विनंती केली की मागची दारं उघडी दिसली की मी लगेच आत येते. ते हसले आणि म्हणाले, त्यात काय, आत्ता उघडतो. माणूस पाठवला. केस करणारी बाई डाव्या हातात घड्याळ धरून माझ्या शेजारी उभी राहिली. मी एक मिनिट झालं, असं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटं, शिट्ट्या. किल्ली व्यवस्थापकाच्या खणात आहे असं कळलं आणि व्यवस्थापक पाहुण्यांना आणायला गेलेले. चौथ्या मिनिटापर्यंत सगळा रस्ता माझ्याबरोबर मोजत होता. सहाव्याला मोजणं थांबलं. मी एकटीच बोलत होते. मुलं खांद्यावर घेऊन आलेल्यांनी ती खाली उतरवली आणि हात धरले. मालक घाम पुसत माझ्या कानाशी माइक बंद कर म्हणून विनवत होते, आणि ते विनवणंही माइकवर ऐकू जात होतं. अकराव्या मिनिटाला किल्ली सापडली.

मी लोकांना सांगितलं की या बाईचा हात दारात सापडला तेव्हा तिच्याजवळ अकरा मिनिटं नव्हती. मग मोटारीत बसून घरी आले. निम्मे लोक परत गेले. निम्मे आत जाऊन बसले. माझाच पिक्चर, त्यांना मी काय बोलणार!

पुढच्या दोन्ही पिक्चरमधून मला काढलं आहे. निर्माते म्हणतात, नटी हो नाहीतर लोहार हो, एक काय ते निवड. मी निवडणार नाही. दुसऱ्या कुणाकडे काम मिळेल तेव्हा काम करीन, तोवर तुझ्याकडे येते. एक ट्रंक आणि केस करणारी बाई. चहा ती करणार, ही तिची अट.

तुझी,
खुडबुडी

ता. १४ जून

चि. खुडबुडी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अट मान्य. खिडकीजवळचं बाक रिकामं केलं आहे.

इथल्या थिएटरच्या तिकीट खिडकीवर लोक मागची दारं उघडी आहेत का विचारायला लागले आहेत. नाही म्हटलं तर सरळ घरी जातात. काल मालक स्वतः माझ्या दुकानात आले. मी त्यांना उभंच ठेवलं. आणखी चौघा मालकांची पत्रं येऊन पडली आहेत. दांड्यावरच्या पितळी पट्टीवर तुझं नाव कोरायचं की नाही हे मी तुला विचारणार नाही. कोरलं आहे.

पहिल्या गाडीनं ये.
आत्या

ता. ११ नोव्हेंबर

कुलूप कारखान्याच्या मालकीणबाई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी एका लहान थिएटरात पिक्चरचं मशीन चालवतो. आपल्याकडचे दोन दांडे आमच्या मागच्या दारांना ऑगस्टात बसले. गेल्या शनिवारी दुपारच्या खेळाला मशीनमध्ये रीळ पेटलं आणि धूर थेट हॉलमध्ये गेला. मी खिडकीतून ओरडलो, पण त्याआधीच घंटा वाजायला लागली होती. तीनशे बारा माणसं होती. सगळी बाहेर. चपला मात्र ढीगभर राहिल्या, त्यांच्यावरून दुसऱ्या दिवशी भांडणं झाली. उरलेला पिक्चर दाखवा म्हणून सोमवारी तीनशे बाराच्या तीनशे बारा हजर झाले.

मी स्वतः पत्र्यावरून उडी मारून उतरलो, कारण मशीनच्या खोलीचं दार आत उघडतं आणि त्याची कडी अडकली. माझ्या भुवया गेल्या. तरी माझ्या खोलीसाठीही एक दांडा हवा आहे. मालक कशाला म्हणतात, म्हणून मीच लिहितो आहे. पट्टीवर एका नटीचं नाव आहे, ते जाहिरातीसाठी घातलं असावं असं मालकांचं मत. तसं असल्यास माझ्यासाठी बिननावाचा, साधा चालेल.

उत्तराची वाट पाहणारा,
एक मशीनवाला

ता. १५ नोव्हेंबर

मशीनवाले यांस,
अनेक आशीर्वाद.

बिननावाचा दांडा आम्ही करत नाही. नाव जाहिरातीचं नव्हे, जिनं तो शोधला तिचं आहे. ती माझी भाची. या क्षणी माझ्या समोरच्या बाकावर कानस घेऊन बसली आहे आणि तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचते आहे. परवापासून तिचं नवं शूटिंग आहे, त्याआधी तुमचा दांडा ती स्वतः घडवणार आहे. दार बाहेर उघडेल असं चौकटीला फिरवून घ्या, मालक काहीही म्हणोत.

तिचे प्रश्न असे: पहिला माणूस दाराला भिडल्यापासून शेवटचा बाहेर पडेपर्यंत नेमका किती वेळ लागला? डावं दार उजव्यापेक्षा उशिरा उघडलं का? खिट्टीच्या चाकाचा आवाज येतो का? आठवून, लोकांना विचारून, उलटटपाली कळवा. ती वाट बघते आहे.

भुवया येतील. काळजी घ्या.
कारखान्याची मालकीण