नार्सिसा उत्तर देत नाही

अल्गारोबाल, ३ मे १९९१

चि. झोइला हिस लिओविहिल्दोचे अ. आ. वि. वि.

गुडघे सोडून बाकी मी खुशाल. बातमी ही की माझा शेजारी सेगुन्दो मरता मरता राहिला. मधुमेहासाठी इस्पितळात होता. मंगळवारी सकाळी अचानक घाम, डोळे पांढरे. ड्युटीवरच्या तुझ्या लेकीने, नार्सिसाने, धावत जाऊन शिरेतून साखर दिली तेव्हा शुद्धीवर आला, आणि पहिली तक्रार केली ती केळ्याच्या सूपमध्ये मीठ नसल्याची.

मी दोन तास आधी तिथेच होतो. नार्सिसा ट्रे घेऊन खोलीबाहेर येत होती. तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. खिडकीतून डोंगरावरचं धुकं दिसलं आणि मला तिसरीतली नदीची कविता आठवली. म्हटली. पोर किती तन्मयतेने ऐकत होती! तुझ्यावर गेलेली नाही हे नक्की. पण तेव्हापासून माझ्या घरी ती धड जेवत नाही. प्रेमात पडली असावी. लक्षणं सगळी कवितेतलीच आहेत.

होर्चाताच्या काढ्याची पुडी पाठव, आणि माया आटू देऊ नकोस.

तुझा दादा

कुएन्का, ८ मे

ती. दादास झोइलाचा सा. न. वि. वि.

प्रेमात नाही, खड्ड्यात पडली आहे. तिचंही पत्र आलं. सेगुन्दोला इन्सुलिन टोचून झालं होतं. बाहेरच्या तक्त्यावर खूण करायची तेवढी राहिली होती. मध्येच तिला कुणीतरी अडवलं. मग पाहते तो तक्ता कोरा. म्हणून आत जाऊन पुन्हा टोचलं. चूक तिने स्वतःच मोठ्या डॉक्टरांना सांगितली. सतरा तारखेला चौकशी आहे, नोकरी जाणार असं दिसतं. कुणी अडवलं असं विचारलं तर तोंड उघडत नाही. मलाही नाव लिहिलं नाही. ते मला तुझ्या पत्रात सापडलं.

किती कडवी म्हटलीस?

तरीही तुझीच,
झोइला

अल्गारोबाल, १२ मे

चि. झोइला हिस अ. आ.

अकरा. दोन पुन्हा म्हटली, कारण ती छान आहेत.

सेगुन्दोला विचारलं, दुसऱ्यांदा टोचताना बोलला का नाहीस? म्हणाला, बाई इतक्या मनापासून टोचत होती, नाही कसं म्हणायचं?

नार्सिसाला सांगितलं की चौकशीत जाऊन माझं नाव मीच घेतो. ती म्हणाली, मामा, तुम्ही घरी बसा. मी बसलो नाही. काल सात ते आठ इस्पितळाच्या बाकावर पेन्सिल घेऊन नावं टिपत बसलो. तेवढ्या तासात त्रेचाळीस जणांनी तिला नमस्कार केला. पाद्री, अंडीवाला, खुद्द मोठे डॉक्टर ओचोआ तीनदा. प्रत्येकाला तिने थांबून उत्तर दिलं, दोघांना तुझी तब्येतही सांगितली. या गावात उत्तर न देणारा माजोरडा ठरतो. ते ठरवलं कुणी? अडतीस वर्षं शाळेत नमस्कार न करणाऱ्या पोरांना मीच बाकावर उभं केलं. ओचोआ त्यांतलाच.

अपराधी भावाला पदरात घे.

दादा

कुएन्का, १५ मे

ती. दादास सा. न.

जा. राखाडी कोट घाल, कविता म्हणू नकोस. पण एक ध्यानात ठेव: म्हातारा कवी गुन्हेगार म्हणून मिळाला तर ते खूश होतील, तुझं येणं बंद करतील आणि फाइल मिटवतील. पुढच्या आठवड्यात अंडीवाला तिला अडवेलच. यादी घेऊन जा.

रागावलेली, तरी लोभातली,
झोइला

अल्गारोबाल, १९ मे

चि. झोइला हिस अ. आ. वि. वि.

झालं तू म्हणालीस तसंच. मी गुन्हा कबूल केल्याबरोबर ओचोआचा चेहरा उजळला. म्हणाला, गुरुजी, मग प्रश्नच मिटला. मी म्हटलं, खाली बस, आणि यादी वाचली. त्याच्या नावाला तिसऱ्यांदा आलो तेव्हा तो चष्मा पुसत होता.

शेवटी त्याने नार्सिसाला विचारलं, तुला काय हवं? मला वाटलं, माफी मागेल. ती म्हणाली, "टोचल्यापासून खूण करेपर्यंत मला कुणाचीही ओळख नको."

नोकरी राहिली. ताकीद फाइलीत लागली, ती लागणारच होती. ट्रे हातात असताना तिच्याशी बोलायचं नाही, असा हुकूम निघाला. पहिल्याच दिवशी तिने पाद्रीबाबांना भिंतीसारखं ओलांडलं. मलाही.

आज पावाच्या दुकानात बायका तणतणत होत्या, की त्या नर्सला कसली एवढी मिजास, कुणाची आहे ती? मी टोपी काढून सांगितलं, माझी भाची.

आपला लोभ आहेच, तो कमी करू नये.

दादा