चटका बसणारे पाय

आई, तू जाऊन तीसच्या वर वर्षं झाली आणि तुझा खरा राग मला परवा दुपारी आला. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं मागून कोरी होती, फेकवेनात, त्यांच्यावरच लिहितेय. तुझी पणती आता दहावीला आहे. मी कणीक मळत होते, ती ओट्याला टेकून विज्ञान म्हणून दाखवत होती आणि पुस्तक माझ्यासमोर डब्याला टेकवलेलं, चुकली की मी टोकायचं. चेतापेशीचा धडा. मधे पेशीकाय, त्याला फांद्यांसारख्या वृक्षिका, त्या निरोप घेतात. आणि एक लांबच लांब शेपूट, अक्षतंतू, तो निरोप पुढे नेतो. ही आकृती मीसुद्धा मॅट्रिकला काढली होती, पेन्सिलीला टोक करकरून. मार्कही चांगले पडले होते. काय काढतेय ते मात्र कळलं नव्हतं.

"प्रकार तीन," नात म्हणाली. "संवेदी, त्या कातडीकडून आत निरोप आणतात. प्रेरक, त्या आतून स्नायूंना हुकूम देतात. आणि सहयोगी, मधल्या, दोघींना जोडणाऱ्या. आजी, तव्याला बोट लागलं तर तू काय करतेस?"

"काढते."

"विचार करून?"

"विचार करत बसले तर भाजेल की गं."

"तेच तर! पाठीच्या कण्यातूनच हुकूम सुटतो, हात मागे. मेंदूला नंतर कळतं. परीक्षेला हमखास येतं हे."

माझे हात कणकेतच राहिले.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा तू देवीला नवस बोललीस, गिरणी चालू होऊ दे, चैत्रातले पाच मंगळवार आम्ही मायलेकी भर दुपारी अनवाणी दर्शनाला येऊ. लालबागहून प्रभादेवी. मला विचारलं नव्हतंस. डांबर मऊ झालंय, तू ओटीचं ताट धरून पुढे चालतेयस, सरळ, संथ, घरातल्या लादीवरून चालावं तशी. मी मागून एक पाय टेकते, एक उचलते. दुसऱ्या मंगळवारी परळच्या पुलाच्या अलीकडे एका दुकानाच्या सावलीत मी उभी राहिले आणि रडले. तू वळलीस. "माका चटको बसणा नाय, तुकाच बरो बसता?" म्हणालीस. "मन देवीकडे नाय तुझा. मन पायात आसा." दुकानदार हसला. बाकीचे तीन मंगळवार मी दात आवळून चालले, तरी पाय उचलला जायचाच. गिरणी चालू झाली नाही. बाबा घरी बसले ते बसलेच. आणि तू, भाकरी थापता थापता, बाबांच्या देखत म्हणालीस, "चालूक सांगितला तर नाचत होता. देवी कशी पावतली?"

पंधरा वर्षांची होते गं मी. बाबा दाराशी नुसते बसलेले दिसले की मी नजर चुकवून आत जायचे. माझ्यामुळे, असं वाटायचं. लग्न झालं, मुलं झाली, उपास केले, पारायणं केली, आणि प्रत्येक वेळी कुठेतरी आत हेच, की आपली भक्ती कच्ची आहे, आपलं मन पायात आहे.

चाळीतल्या बायका तुझ्या पाया पडायच्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, "वैनी, पाय न्हवेत, देवीची पावलं ती." एकदा तुझ्या टाचेत टाचणी रुतली होती, लादीवरचं रक्त मी पुसलं तेव्हा तुला समजलं, तर तू हसलीस. दवाखान्यात डॉक्टरांनी तुझी साखर तपासली, तळव्याला सुई टोचून बघितली आणि चपला घालायला बजावलं. मी तिथेच उभी होते. तू परत येऊन सगळ्या गॅलरीला काय सांगितलंस? "सुई टोचली तरी माका कळाक नाय, डॉक्टर बघीत रवलो!" तो आजार सांगत होता, तू त्याचा चमत्कार केलास. पुढच्याच चैत्रात पुन्हा अनवाणी गेलीस, फोड आला, तो तू दाखवला नाहीस. आधी करंगळी गेली, मग अर्धं पाऊल, मग तू.

आता माझ्याही रक्तात साखर आहे. माझे डॉक्टर गेल्या आठवड्यात समजावत होते, कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी ही निरोप आणणारी पेशी शरीरातली सगळ्यात लांब, साखर आधी तिची टोकं खाते. हुकूम देणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या बराच काळ टिकतात, म्हणून माणूस व्यवस्थित चालतो आणि पायाखाली काय आहे ते त्याला कळत नाही. म्हणजे तुझ्या पायांकडून निरोपच येत नव्हता, आई. माझ्या पायांकडून येत होता, आणि पाय उचलायचा की नाही हे माझ्या मनाला कुणी विचारलंच नव्हतं. मी नाचत नव्हते. माझे पाय धड होते, एवढाच माझा गुन्हा. देवीवर माझा राग नाही, पाय मागे घ्यायची सोय तिनेच तर आत करून ठेवलेली. राग तुझ्यावर आहे. तुला सांगितलेलं होतं, आणि तरी तू मला एकदाही म्हणाली नाहीस की पोरी, चूक तुझी नव्हती.

उद्या पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय, आणि एक दुरुस्त करायचंय. त्यांनी गेल्या खेपेला चिमट्यासारखा एक लोखंडी नादकाटा ठोकून माझ्या अंगठ्याला लावला होता. "थरथर कळतेय का, मावशी?" डाव्या पायाला कळली. उजव्याला नाही. मी "हो" म्हणाले. घाबरून खोटं बोलले असं नातीला सांगणार आहे. पण भीती नंतर वाटली. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, की या पायाला चटका बसणार नाही, आता तरी तू मला नावं ठेवणार नाहीस.