तेवीस विहिरींचा तक्ता

औरंगाबाद,
१२ जानेवारी २०१७

प्रिय सगीरा,

तुझं पत्र येऊन आज सत्तावन्न दिवस झाले. मधे तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी सुनेला खुणेनं सांगितलं, झोपलेत म्हण. मी जागाच होतो, खिडकीशी बसून होतो. तुझं पत्र रोज उघडतो, वाचतो, घडी घालून ठेवतो; आता घडीवर कागद फाटत आलाय. त्यात तू फार थोडं लिहिलं आहेस. पीएच.डी.चं चौथं प्रकरण परत आलं. परीक्षकांचं म्हणणं, विहिरींच्या जुन्या पातळ्यांचा तक्ता गाडेकरांच्या छापील पुस्तकातला आहे आणि तू तो 'वडिलांची वही' म्हणून खपवतेस. येत्या अठरा तारखेला चौकशी समिती बसणार. चोरी ठरली तर पदवी तर जाईलच, शिकवायची नोकरीही जाईल. आणि शेवटी एकच ओळ: सर, अब्बांची वही तुमच्याकडं आहे का?

या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर पुरलं असतं. पण मला थोडक्यात लिहिता येत नाही, हे तुझ्या वर्गातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. रिपोर्ट लिहायला शिकवायचा तास आणि सर फळ्याकडं पाठ करून शाळेतली कविता चालीवर म्हणतायत, मागच्या बाकावरची पोरं ठेका धरतायत. तुम्ही हसायचात, मलाही ते आवडायचं. त्या कवितांचं वेड कुठून आलं ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी फुलंब्रीच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दूत शिकलो. पाटीवर उजवीकडून डावीकडं लिहायचो, हिशेबही उर्दू आकड्यांत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि वर्षभरात मराठीचे गुरुजी आले. धोतर, टोपी, आणि हातात कवितांचं पातळसं पुस्तक. आई घरात ज्या भाषेत हाका मारायची त्या भाषेत पुस्तक असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी गुरुजींनी एक कविता म्हणून दाखवली आणि मी, दहा वर्षांचा घोडा, वर्गात रडलो. त्या दिवसापासून उर्दू मी मागं टाकली. म्हणजे टाकली असं मला वाटलं.

तुझ्या वडिलांची ओळख झाली ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मी नवा लेक्चरर, ते शिपाई. नळ्या धुवायच्या, पंप सुरू करायचा, साहेब लोकांना चहा आणायचा, हे त्यांचं काम. पण रविवारी हा माणूस सायकल काढून फुलंब्रीकडं जायचा आणि विहिरी मोजायचा. कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, साब, आमच्या अब्बांची विहीर एका वर्षात आटली, कुणाला कळलं नाही कशी; कुणी लिहून ठेवलं असतं तर कळलं असतं. त्यांची रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. दोरीला फुटाफुटावर गाठी, टोकाला शिशाचा ओळंबा, आणि ओळंब्याच्या वरच्या हातभर दोरीला शाळेतला खडू घासलेला. दोरी खाली सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथं पाणी. भिजलेल्या खडूवर बोट ठेवून ते गाठी मोजायचे आणि मग वहीत आकडा. अंदाजानं कधी एक आकडा लिहिला नाही. एका रविवारी टायर फाटला तर सायकल ढकलत चौदा विहिरी केल्या आणि उरलेल्या नऊंपुढं रेघ मारली. मी त्यांच्याबरोबर तीन-चार वेळा गेलो. ते विहिरीत वाकलेले असायचे आणि मी काठावरच्या चिंचेखाली उताणा पडून आभाळ बघायचो.

अशी सात वर्षं. सहासष्टपासून त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत, बहात्तरचा दुष्काळ धरून. तेवीसपैकी सतरा विहिरींत दोरी कोरडी वर यायला लागली तेव्हा त्यांनी वही बंद केली आणि माझ्याकडं आणून दिली. उर्दूत होती. कॉलेजात ती वाचू शकेल असा मी एकटाच. म्हणाले, साब, तुम्ही लिहिणारे आहात, याचं काही होतंय का बघा.

झालं. पुस्तक झालं. पंच्याहत्तर साली छापून आलं, त्यावर मी रीडर झालो, पुढं विभागप्रमुखही झालो. प्रस्तावनेत मी ओढे, पळस, सांजवेळ सगळं लिहिलं, दीड पान. तक्त्याच्या वर एकच वाक्य: 'परिसरातील तेवीस विहिरींची साप्ताहिक मोजणी करण्यात आली.' कुणी केली ते त्यात नाही. आभाराच्या यादीत प्राचार्य आहेत, छापखान्याचे मालक आहेत, माझी बायको मनकर्णा आहे. आणि तोच मी पुढं बावीस वर्षं तुम्हा पोरांना शिकवत राहिलो की आकड्याखाली त्याच्या मालकाचं नाव लिहा, नाव नसलेला आकडा चोरीचा समजावा. पोरं मान डोलवायची आणि लायब्ररीतून काळ्या बायंडिंगचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट आणून पानंच्या पानं उतरवायची. मी ते ओळखायचो. पण कुणाला बोलायला तोंड उचकटत नव्हतं.

बोललो ते तुला. शहाण्णव साली तू तुझ्या प्रोजेक्टचा कच्चा रिपोर्ट घेऊन आलीस. दोनशे पोरांत असा रिपोर्ट मी पाहिला नव्हता. वाक्यं आखूड, एकेका वाक्यात एकच गोष्ट. जे मोजलं ते वेगळं, जे अंदाजानं मानलं ते वेगळं. आणि तक्त्याखाली लिहिलेलं: आधार, शेख फारूख शेख करीम यांची हस्तलिखित क्षेत्र-वही. मी लाल पेन काढला. तुला आठवत असेल मी काय म्हणालो; माझ्या तर कानातून जात नाही. शिपायाची वही म्हणजे संदर्भ नव्हे, बाई. छापील आधार दे. तू म्हणालीस, सर, पण मोजलं तर अब्बांनीच आहे. मी म्हणालो, छापलं कुणी? तू रिपोर्ट उचललास. मग घरी जाऊन त्या ओळीवर पांढरी शाई लावलीस आणि माझं नाव टाइप करून आणलंस. परीक्षक आज तुझ्याविरुद्ध तोच रिपोर्ट दाखवतायत ना? तूच तेव्हा गाडेकरांचा आधार दिला होतास म्हणून? त्यावर सही तुझी असली तरी हात माझा होता.

तोंडी परीक्षेच्या दिवशी फारूखभाईंची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. बाहेरच्या परीक्षकांना चहा द्यायला तेच आत आले. तुझा रिपोर्ट टेबलावर त्या तक्त्याशीच उघडा पडलेला. मराठी त्यांना सावकाश का होईना वाचता येत होतं, आणि आकडे तर त्यांचेच. त्यांनी तक्ता पाहिला, त्याखालचं नाव पाहिलं. बशी त्या पानावर टेकू नये म्हणून कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवला आणि बाहेर गेले. संध्याकाळी फाटकाशी गाठ पडली तेव्हा एवढंच म्हणाले, "बेटी को पास कर दिया साब, मेहरबानी." त्यात टोमणा असता तर मी जगलो असतो. टोमणा नव्हता.

आता वहीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती आंघोळीच्या बंबात घातली. एकेक पान. मनकर्णानं विचारलं, आज काय जाळताय एवढं? म्हटलं, जुने पेपर. गरम पाणी निघालं आणि मी त्यानंच आंघोळ केली. वही नाही, पोरी. वीस वर्षं झाली.

पण एक गोष्ट मला जाळता आली नाही, कारण ती पुस्तकात छापलेली आहे. पान एकसष्ट, विहीर क्रमांक चौदा, मे १९७३. लागोपाठच्या तीन रविवारी पाणी किती फुटांवर होतं ते बघ: चव्वेचाळीस, चाळीस, सेहेचाळीस. आठवड्यात पाणी चार फूट चढलं आणि पुढच्या आठवड्यात सहा फूट उतरलं. भर दुष्काळात, पावसाचा थेंब नसताना. वहीत मधला आकडा पंचेचाळीस होता. उर्दूतला पाच हा उलट्या बदामासारखा; घाईत काढला की गोल होतो, थेट आपल्या शून्यासारखा. त्यांचा शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी उर्दू मागं टाकलेला माणूस, छापखान्याच्या गडबडीत उतरवत होतो. पाच पाहिला आणि शून्य लिहिला. ज्यानं स्वतः दोरी सोडली तो ही चूक करूच शकत नाही. उर्दू वहीतून उतरवणाराच करू शकतो. पुस्तक हातात घेतल्या घेतल्या फारूखभाईंचं बोट तिथं थांबलं होतं. "वैशाख में पानी कायको चढा, साब?" मी म्हणालो, छापणाऱ्याची चूक. दुसऱ्या आवृत्तीतही मी ती दुरुस्त केली नाही, कशी झाली ते सांगावं लागलं असतं. मग तो चाळिसाचा आकडा पोरांच्या रिपोर्टांतून फिरत राहिला. बन्सी नावाच्या एका मुलानं तर त्या चढलेल्या पाण्यासाठी गुप्त झऱ्याचा शोध लावला, अर्धं पान. मी त्याला सगळ्यात जास्त मार्क दिले.

तुझ्या थीसिसमध्ये तिथं पंचेचाळीस आहे म्हणे. परीक्षकांनी ती तुझी नकलेतली चूक धरली आहे. तुला खरा आकडा तुझ्या अब्बांनी हयातीत तोंडी सांगितला असणार. त्यांना सगळे पाठ होते. मला कविता पाठ होत्या.

हे सगळं मी तुला सत्तावन्न दिवसांत कधीही लिहू शकलो असतो. आज का लिहितोय, ते आता सांगतो. समितीनं मलाही विचारलं होतं. डिसेंबरच्या पाच तारखेला मी त्यांना दोन ओळींचं उत्तर पाठवलं: सदर तक्त्यातील सर्व आकडे माझ्या स्वतःच्या क्षेत्रकामातील आहेत, शेख फारूख यांच्या कोणत्याही वहीची मला माहिती नाही. खाली सही, तारीख. एक विशेषण नाही, एक शब्द जास्त नाही. आयुष्यात इतकं स्वच्छ मी कधी लिहिलं नव्हतं. परवा वाणीसाहेबांचा, समितीच्या सचिवांचा, फोन आला; म्हणाले, सर, तुमच्या पत्रानं आमचं काम सोपं झालं, अठराला फक्त औपचारिकता. या पत्राची प्रत आज रजिस्टर पोस्टानं त्यांनाही जातेय. त्यांच्यापुढं आता माझ्याच सहीचे दोन कागद असतील, एक दुसऱ्याला खोटं पाडणारा. म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, विद्यार्थिनीची दया आली असेल. मला वाटतं तसंच म्हणतील. वही असती तर तुला माझ्या शब्दाची गरज पडली नसती, आणि माझ्या शब्दाची किंमत मीच घालवली. तरी सही करून, तारीख घालून लिहिलेलं पत्र हाही आधार असतो. तो तक्त्याखाली असा दे:

सप्टेंबर १९६६ ते मे १९७३ या काळात फुलंब्री परिसरातील तेवीस विहिरींच्या पाण्याची पातळी दर रविवारी शेख फारूख शेख करीम यांनी मोजली. मी एकही मोजली नाही.

तुझाच, एके काळचा शिक्षक,
काकासाहेब पुंजाराम गाडेकर