पडद्याआड ऐकलेलं चाक

बाबा, आठवण आली म्हणून लिहायला बसले नाही, राग आला म्हणून बसले. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आणि परवा माझ्या ओसरीवर माझ्या हातचं काम पुन्हा एकदा तुमच्या नावावर गेलं. कसं ते सांगते. मध्ये बोलू नका. तुमची ती सवय मला माहीत आहे.

तुमच्या नातीला सायकलनं कन्याकुमारीला जायचं होतं, कॉलेजातल्या एका मैत्रिणीसोबत. मैत्रिणीकडे तयार सायकल होती. आमच्याकडे अमरावतीच्या कोण्या हौशी माणसानं दिलेली नुसती फ्रेम आणि पुढचं चाक धरायचा चिमटा, बस. पोरगी ती एसटीत मांडीवर घेऊन नेरला आली. मी म्हटलं, "हे कायचे हाडकं घेऊन आली वं?" तर म्हणते, "आई, तू बांधून देशील का?" गल्लीतल्या बायकापोरींच्या सायकली मी ओसरीवरच दुरुस्त करते, हे ती लहानपणापासून बघते. हो म्हटलं. मग महिनाभर कुरिअरवाला येत राहिला. हँडल आलं, गिअर आले, ब्रेक आले, सामानाचं कॅरियर आलं, पुढचं चाक तयार आलं, मागच्याचे नुसते सुटे भाग आले. सगळं बसवलं. राहिलं मागचं चाक. मागच्या चाकावर सगळं वजन असतं, घाटात तेच तुटलं तर पोरगी खाली. आणि चाक बांधणं तर तुम्ही मला कधी दाखवलंच नाही.

तुमच्या मारेगावच्या सायकल दुकानात मी चौथीनंतर बसले. बसले म्हणजे पोत्याच्या पडद्यामागे बसले. पुढे रस्ता, तुम्ही आणि गिऱ्हाईक. मागे मी, पाण्याचं घमेलं आणि पंक्चरच्या ट्यूबा. माझ्या हातचं पंक्चर पुन्हा सुटत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्तरी, तुमच्या हातचा जोड म्हंजे पक्का." आणि तुम्ही म्हणायचे, "अनुभव लागते, भाऊ." मी आत बोटाला चिकटलेलं सोल्यूशन खरवडत ऐकायची. पोरीकडून काम करून घेतो असं लोक म्हणतील, म्हणून तो पडदा. लोक काय म्हणतील ते तुम्हाला आधीच ऐकू यायचं, मी काय म्हणते ते कधी आलं नाही.

चाक बघायला एकदा मी पोत्याला भोक पाडलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मायकडून त्यावर ठिगळ लावून घेतलं. मग मी कानानं शिकले. चाकाची तार कसली की आवाज चढतो, ढिली तार बसक्या गळ्यानं बोलते. तुम्ही चाक फिरवून एकेक तार बोटानं छेडत जायचे, आणि मी घमेल्यात हात घालून मोजत जायची. मागच्या चाकाला चाळीस, पुढच्या चाकाला बत्तीस.

एक दुपार मला अजून तशीच दिसते. तुम्ही एका मास्तरांना चाक बांधून देता आहात. मी मोजते आहे, आणि एक तार बसकी बोलते. मी पडदा सारून बाहेर येते आणि म्हणते, "बाबा, एक तार ढिली राह्यली." मास्तर माझ्याकडे बघतात. तुम्ही वर न बघता म्हणता, "चाक काय तुह्या मायच्या चुलीवरचा तवा आहे? जाय आत." मी आत जाते. मास्तर चहाच्या टपरीवर जातात, आणि मग मला तार कसायच्या चाबीची कुरकुर ऐकू येते. अर्धा आटा. पुन्हा तार वाजते, आता बरोबर वाजते. तुम्ही आवळली ती तार, बाबा. मी ऐकलं. एक शब्द बोलले नाही तुम्ही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

आणि हत्यारांची पेटी. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला तुम्ही नटबोल्टचे पाने, चाब्या, सगळं पुजलं, आणि चार पाहुण्यांसमोर नारळ ठेवून ती पेटी दिली कोणाला, तर जावयाला. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला. ते बिचारे घाबरून म्हणाले, "मामाजी, मले तं हवाबी भरता येत नाही." तुम्ही हसले. "असू द्या. जावयाच्या हाती शोभते." मी तिथंच पोळ्या वाढत होते. मान जावयाचा असतो, कबूल. पण मानाला धोतरजोडी असते, टॉवेल-टोपी असते. पाना कायले? अजूनही मी पेटी उघडली की तुमचे जावई खाटेवरून म्हणतात, "माही पेटी आहे, इचारून घेत जाय." ते गमतीनं म्हणतात. मला पंचवीस वर्षांत एकदाही हसू आलं नाही.

तर त्या पेटीतली चाबी घेऊन मी चाक बांधायला बसले. छत्तीस तारा. दोन तारांवरून न्यायची, तिसरीच्या खालून काढायची, हे पोरीनं मोबाइलवर दाखवलं. कसायची वेळ आली तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि तुमच्या तारांच्या आवाजावर गेले. दोन्ही बाजूंच्या तारा एकसारख्या वाजल्या पाहिजेत, हेच तर आयुष्यभर ऐकलं होतं. वाजल्या. चाक फ्रेममध्ये घातलं तर डावीकडे सरकून फ्रेमला घासायला लागलं. सोडवलं, पुन्हा बांधलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पोरगी हळूच म्हणाली, "आई, नागपूरले एक जण आहे. खास लांबच्या सायकलीचे चाकं बांधते. हे एक चाक त्याच्याकडून करून घेऊ का?" मी म्हटलं, "मंग बाकीची सायकलबी त्याच्याच घरी नेऊन ठेव."

चौथ्या दिवशी भाकरी थापताना ध्यानात आलं. तुमच्या सायकलींना गिअर नव्हते. गिअर एका बाजूला जागा खातात, तर त्या बाजूच्या तारा जास्त ताणल्याशिवाय चाक मध्यावर येणार कसं? तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठले. उजवीकडचा आवाज चढा ठेवला, डावीकडचा उतरता. चाक मधोमध आलं. बाबा, हे तुम्हाला माहीत नव्हतं. हे मी शोधलं, पडद्यामागून नाही.

मग कॅरियरवर वीस किलो गव्हाचा कट्टा बांधला, पोरीचा पायजमा चढवला आणि यवतमाळ रोडनं दहा किलोमीटर जाऊन आले. खड्डे चुकवले नाहीत, मुद्दाम घेतले. रसवंतीवरचा एक जण म्हणाला, "काकू, दळन आनाले एवढ्या दूर?" मी म्हटलं, "हो, तुह्या गावची चक्की बंद आहे." घरी येऊन तारा छेडल्या. एकही उतरली नव्हती.

एवढं झालं. परवा पहाटे सामान बांधायच्या आधी पोरगी चाकाजवळ बसली. तारा अंगठ्यानं दाबून बघते. तोंड उतरलेलं. मी उभी, चाक उभं, गव्हाचा कट्टा अजून ओसरीवर. तरी विचारते, "आई, खरं सांग, हे तुले शिकवलं कोनं?"

कोणी नाही, हे खरं होतं. पण कोणी नाही म्हटलं असतं तर ती त्या चाकावर भरवसा ठेवून बसली नसती, मला दिसत होतं. घाटातून उतरताना तिनं भीतभीत ब्रेक दाबले असते आणि चाक चांगलं असून पडली असती. मी म्हटलं, "तुह्या आज्यानं. मांडीजवळ बसवून शिकवलं."

"मंग ठीक आहे," म्हणाली, आणि उठून पिशव्या लावायला लागली. बस, तेवढंच. माझ्या महिनाभराच्या मेहनतीनं जे झालं नाही, ते तुमच्या नावानं एका क्षणात झालं. म्हणून हा राग.

काल संध्याकाळी उमरखेडहून तिचा फोन आला. म्हणाली, चाक जसंच्या तसं आहे, आणि मैत्रिणीलाही सांगितलं की माझ्या आजोबांची विद्या आहे. मी "हं" म्हटलं.

हे कागद आता पिठाच्या डब्याखाली ठेवते आहे. ती परत येईपर्यंत तिच्या हाती लागायला नको. आल्यावर खरं सांगेन, असं म्हणते, पण सांगेनच असं नाही. एक गोष्ट तुमच्यापाशी कबूल करते. मांडीजवळ बसवून, हे कोणी विचारलं नव्हतं. तेवढं मी माझ्या मनानं घातलं, आणि म्हणताना मला बरं वाटलं.