चाळीस झडपांबाबत माझी अखेरची इच्छा

मी, नंदा रंगनाथ कुंजीर, वय ७१, राहणार बिबवेवाडी, पुणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मी चिडलेली आहे, म्हणून माझं डोकं ठिकाणावर नाही असा अर्थ कोणी काढू नये.

१. राहतं घर मुलगा सौरभ याला.

२. यजमानांच्या मागे मी चालवलेलं, पाइपांत बसणाऱ्या झडपांचं (व्हॉल्व्हचं) वर्कशॉप, दोन्ही लेथ मशिनांसह, मुलगी सोनाली हिला. सौरभला त्यातला एक पानाही मिळू नये. "हिच्या सहीने धंदा बुडाला," असं तो भरल्या ताटावर बोलतो. वर नव्या नावाने कंपनी काढा म्हणतो. नावं बदलत फिरायला आपण काय तो व्यापारी आहोत?

३. हा व्यापारी आखातातला. २०१७ साली त्याने दूध पावडरच्या कारखान्यासाठी म्हणून आमच्याकडून चाळीस झडपा नेल्या. त्या पोचल्या अणुबॉम्बच्या मागे लागलेल्या एका देशात. दोन वर्षांनी एका परक्या सरकारने निर्बंधांची यादी काढली आणि तीत सोनालीचं नाव घातलं. बँकेने तिचं खातं गोठवलं, परदेशातली नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. व्यापारी मात्र तिसऱ्या नावाने खुशाल माल पाठवतो आहे. मोठे देश बोलणी करतात, हसत फोटो काढतात, निर्बंध उठवतात, पुन्हा लादतात. सोनालीचं नाव यादीतून काढा म्हणून त्या सरकारला केलेल्या आमच्या अकरा अर्जांना मात्र एकच छापील उत्तर, 'विचाराधीन'. सहा वर्षं कसला विचार चालला आहे, तो तरी कळवा!

४. माल कशासाठी वापरणार हे लिहून द्यायच्या फॉर्मवर सोनालीची सही का, हे सौरभने कधी विचारलं नाही. आमच्याकडे नव्या कामाला पहिला हात घरच्या लेकीचा लागतो. ही पहिलीच निर्यात, आणि सोनाली कागदोपत्री भागीदार. फॉर्म मी भरला, त्याला हळदकुंकू लावलं आणि कॉलेजला निघालेल्या तिला थांबवलं.

"आई, वाचू तरी दे."

"वाचायचंय काय त्यात? कर सही."

तिने उभ्याउभ्याच सही केली.

५. 'आम्हाला कल्पना नव्हती' असं मी अकराही अर्जांत लिहिलं. सोनालीपुरतं ते खरं आहे. माझ्यापुरतं नाही. प्रत्येक झडपेची गळती हेलियम वायूने तपासून द्या, अशी व्यापाऱ्याची अट होती. मी पस्तीस वर्षं डेअऱ्यांना झडपा दिल्या. दुधाला असली तपासणी लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. ऑर्डर हातची जाईल म्हणून मी गप्प बसले. त्या सरकारवर चिडते, त्याहून जास्त मी स्वतःवर चिडते.

६. वकील निकिता यांनी माझ्या मरणाची वाट पाहू नये. या मृत्युपत्राची प्रत बारावा अर्ज म्हणून आजच पाठवावी. सोनालीचं नाव काढा, तिथे माझं घाला. चौकशीला कधीही या. मी घरीच असते.

सही: नंदा रंगनाथ कुंजीर

आमच्यासमक्ष वाचून सही केली, साक्षीदार:
१. भीमराव शंभू ओव्हाळ, बिबवेवाडी
२. पूर्णिमा संजय घाटपांडे, कर्वेनगर

पुणे, १४ नोव्हेंबर २०२५