नागपूरची रिद्धी

चंदनसार, विरार (पूर्व)
रविवार, १० डिसेंबर २००६

प्रिय उन्नती,

आशीर्वाद. तू संशोधक झालीस तरी ते घ्यावेच लागतात. इथे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सोबत आगाशीची सुकेळी पाठवली आहेत. मागच्या वेळी तुझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणी ‘केळी वाळून गेलीत’ म्हणाल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. या वेळी एकटीने खा.

तुझी आई परवा फोनवर म्हणत होती, “ताई, तूच सांग तिला. इंटरनेटवरून पोरांना फसवणाऱ्या माणसांच्या मुलाखती घेते, हे स्थळाकडच्यांना सांगायचं कसं?” मी म्हटलं, “सरळ सांग, मुलगी तुरुंगात जाऊन-येऊन असते. ऐकूनही जो चहाला थांबेल तो जावई चांगला.” ती हसली नाही. खरं तर मलाही हसू येत नव्हतं, पण सवय.

पालकांसाठीची तुझी पुस्तिका तू गणपतीच्या सुमारास भाषा तपासायला पाठवली होतीस. पान नऊवर तू लिहिलं आहेस की अशी माणसं बरेचदा आधी घरातल्या मोठ्यांचा विश्वास मिळवतात. त्याच्या शेजारी मी लाल शाईने लिहिलं, ‘अतिशयोक्ती. इतकी भोळी आई कुठे असते?’

ती चंदनसारला असते.

जुलैपासून आपली आर्या कॉम्प्युटरवर एका रिद्धीशी गप्पा मारायची. रिद्धी नागपूरची, आठवीतली, संस्कृतची अतोनात आवड असलेली. बावीस वर्षं शिकवते आहे, पण अशी मुलगी मला वर्गात एकदाही भेटली नव्हती. तेव्हाच शंका यायला हवी होती. उलट मीच खुर्ची ओढून बसू लागले. ती सुभाषितांचे अर्थ विचारी आणि मी आर्याला बाजूला सारून दोन बोटांनी उत्तरं टाइप करी. ‘काकू, तुमच्यासारख्या बाई आमच्या शाळेत नाहीत,’ असं तिने लिहिलं की माझा पुढचा दिवस बरा जाई. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी आगाशीला शिकवणीला जाते, तुझे काका साडेनऊशिवाय घरी येत नाहीत, हे तिला मीच कळवलं. ‘तेव्हा आर्याचा अभ्यास घेत जा,’ असंही वर लिहिलं.

गेल्या महिन्यात, नेमक्या त्याच मंगळवारी-गुरुवारी, रिद्धी वेगळं बोलू लागली. आधी दोघींची गुपितं, मग ‘आईला सांगू नकोस’, मग आर्याने स्वतःचे कसले फोटो काढून पाठवावेत ते. रिद्धी नव्हतीच, हे तू दोन ओळींपूर्वीच ओळखलं असशील. आर्याने असलं काहीही पाठवलं नाही. मी कणीक मळत होते, तेव्हा मागे येऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

आणि मी काय म्हटलं? “इतके दिवस तू त्याच्याशी बोलत का बसलीस?”

“तूच म्हणालीस ना, रिद्धीशी बोल, भाषा सुधारेल.”

त्याला आज तेरा दिवस झाले. तेव्हापासून ती माझ्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवले’ एवढंच बोलते.

तुझ्या काकांचं म्हणणं, सगळं पुसून टाक, सोसायटीत बोभाटा नको. मी काही पुसलेलं नाही. पान चौदावर तू लिहिलं आहेस की जे आलं असेल ते जपून ठेवा, पोलिसांना लागतं. ते पान मी तेव्हाही तपासलं होतं, वाचलं मात्र आता.

काल दुपारी आर्या आपणहून बोलली. “आई, मला ताप होता तेव्हा रोज कशी आहेस विचारायची, ती कोण होती मग?” इतक्या मुलाखती घेऊन तुला याचं उत्तर येत असेल तर तिला दे, माझ्यामार्फत नको.

मी विचारलं, “उन्नतीताईशी बोलशील?”

“बोलीन. पण तू काय काय केलंस ते आधी तू लिही तिला. आणि मी वाचल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही.”

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी ये. सोमवारी तक्रार द्यायला आपण तिघी जाऊ. काका येतील असं वाटतं, आले नाहीत तरी जाऊ.

एवढं लिहून मी पत्र आर्याकडे दिलं. तिने सावकाश वाचलं आणि माझ्यासमोर परत ठेवलं.

“एक राहिलं.”

“काय गं?”

“फोटो.”

राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. उन्नती, स्नेहसंमेलनातला, नऊवारीतला आर्याचा फोटो त्या माणसाला मी पाठवला. त्याने मागितला तेव्हा आर्या नको म्हणत होती. “मैत्रीणच आहे, काय होतंय,” म्हणून मीच तिचं ऐकलं नाही. तो फोटो अजून त्याच्याकडे असेल.

आर्या डिंकाची बाटली घेऊन शेजारी उभी आहे. ही शेवटची ओळही तिला वाचायची आहे.

तुझी मावशी आणि हिची आई,
सुहासिनी